कच्च्या कैद्याचा कागद

१९७९च्या जानेवारीत, ८ आणि ९ तारखेला, ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये बिहारच्या तुरुंगांवर दोन लेख आले. लिहिणारा माणूस चळवळीतला नव्हता, वकीलही नव्हता. खुसरो फरामुर्झ रुस्तमजी हे पोलीस अधिकारी. जन्म नागपूरला लागून असलेल्या कामठीचा, नोकरीची सुरुवात जुन्या मध्य प्रांतात, पुढे पंडित नेहरूंच्या सुरक्षेची जबाबदारी आणि १९६५ साली सीमा सुरक्षा दलाची उभारणी. राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून ते तुरुंग पाहायला गेले होते. माणसं पकडून आत घालणाऱ्या खात्यात ज्यांची हयात गेली, त्यांना आत जे दिसलं ते सोसवलं नाही. खटला उभाच न राहिलेली माणसं पाच, सात, नऊ वर्षं आत पडून होती. काही तर दहाहून अधिक. यातल्या कित्येकांवरचे आरोप इतके किरकोळ होते, की ते सिद्ध झाले असते तरी शिक्षा काही महिन्यांची, फार तर वर्षा-दोन वर्षांची झाली असती.

हे लेख दिल्लीत पुष्पा कपिला हिंगोरानी या वकिलांनी वाचले. त्यांचा जन्म नैरोबीचा, कायद्याचं शिक्षण ब्रिटनमधल्या कार्डिफचं. दोनच दिवसांनी, ११ जानेवारीला, त्यांनी सर्वोच्च न्यायालयात देहोपस्थितीचा अर्ज केला. या अर्जाचा अर्थ सरळ आहे: माणूस समोर आणा आणि त्याला कोणत्या कायद्याने डांबून ठेवलंय ते सांगा. अडचण एकच होती. बाईंकडे कोणाचंच वकीलपत्र नव्हतं. ज्यांच्यासाठी त्या दारात उभ्या होत्या त्यांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि आतल्यांनाही बाहेर आपलं नाव कोणी घेतंय याचा पत्ता नव्हता. त्या काळच्या रीतीप्रमाणे असा अर्ज टेबलावरूनच परत जायचा. तो परत गेला नाही, आणि त्यातूनच ‘हुसैनआरा खातून विरुद्ध बिहार राज्य’ हा खटला जन्माला आला. भारतातल्या जनहित याचिकांची गोष्ट बहुतेक याच नावापासून सांगितली जाते.

न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्यासमोर यादी वाचली जाऊ लागली तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. तुरुंगात अशाही स्त्रिया होत्या ज्यांच्यावर कसलाच आरोप नव्हता. त्या साक्षीदार होत्या, किंवा गुन्हा त्यांच्याच विरुद्ध घडला होता. ‘संरक्षणात्मक कोठडी’ असं गोंडस नाव देऊन त्यांना गजाआड ठेवलं होतं. ज्याच्यावर गुन्हा घडला त्यालाच आत ठेवायचं आणि त्याला संरक्षण म्हणायचं, हे वाचताना आजही पोटात कालवतं. न्यायालयाने कैद्यांना जातमुचलक्यावर सोडण्याचे आदेश दिले. ९ मार्च १९७९च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की खटला लवकर चालणं हा संविधानाच्या अनुच्छेद २१मधल्या जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि ज्याला वकील परवडत नाही त्याला तो मोफत मिळणं हेही त्यातच येतं. या एका कागदामुळे पुढे हजारो माणसांची सुटका झाली.

आपल्याकडे बोलीत ‘कच्चा कैदी’ आणि ‘पक्का कैदी’ असे दोन शब्द आहेत. पक्का म्हणजे शिक्षा लागलेला. कच्चा म्हणजे ज्याचा निकाल अजून लागायचाय. कारागृहाच्या दप्तरात तो ‘न्यायाधीन बंदी’. कायद्याच्या नजरेत कच्चा कैदी निर्दोष असतो. तरी देशातल्या तुरुंगांत गर्दी त्याचीच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ अखेरच्या आकड्यांनुसार भारतात ५,७३,२२० माणसं कारागृहांत होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्ची होती. म्हणजे चारांतली तीन. सगळ्या तुरुंगांची मिळून जागा होती ४,३६,२६६ माणसांची. शिक्षा लागलेल्या प्रत्येकाला उद्या घरी पाठवलं, तरी देशातले तुरुंग निव्वळ कच्च्या कैद्यांनी काठोकाठ भरलेले राहतील.

अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता यावा आणि चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं जावं, हे संविधानाच्या अनुच्छेद २२मध्ये लिहिलेलं आहे. मूळ मसुद्यात हा अनुच्छेद नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो १५ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेपुढे ठेवला. व्यक्तिस्वातंत्र्याचं कलम वाटाघाटींत दुबळं झाल्याची खंत अनेक सदस्यांना होती, आणि ती उणीव थोडी तरी भरून काढायची होती. मात्र ‘पसंतीचा वकील’ या शब्दांत पैसे कोण देणार याचं उत्तर नव्हतं. ते १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने दिलं. अनुच्छेद ३९-अ आला: गरिबीपायी कोणाला न्याय नाकारला जाऊ नये म्हणून राज्याने मोफत विधी साहाय्य द्यावं. पण तो बसवला मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे जिथे कोर्टात जाऊन हट्ट धरता येत नाही अशा जागी. भगवती आणि व्ही. आर. कृष्ण अय्यर या दोन न्यायमूर्तींनी केलेलं काम म्हणजे या ३९-अची अनुच्छेद २१शी बांधलेली गाठ. अपेक्षा होती तिचा हक्क झाला. मला हे भारतीय कायद्यातलं मोठं नवल वाटतं, कारण त्यासाठी संविधानातला एक शब्दही बदलावा लागला नाही.

हुसैनआराच्या आधीच, १७ ऑगस्ट १९७८ला, कृष्ण अय्यर यांनी एक निकाल दिला होता, आणि तो थेट पुण्याच्या येरवड्याशी जोडलेला आहे. होसकोट नावाचे एक विद्यापीठीय अध्यापक खोट्या पदव्या बनवल्याच्या खटल्यात दोषी ठरले होते. खालच्या कोर्टाने नावापुरती दिलेली शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाने १९७३च्या नोव्हेंबरमध्ये तीन वर्षांवर नेली. त्याविरुद्धचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात पोचला तो चार वर्षांहून अधिक उशिराने, तोपर्यंत शिक्षा भोगूनही झाली होती. उशीर का, तर निकालाची प्रत हातात आली नाही. येरवड्याच्या अधीक्षकांचं म्हणणं, प्रत दिली होती, पण राज्यपालांकडच्या दयेच्या अर्जाला जोडायला परत घेतली. दिल्याची पोच? कैद्याची सही कुठेच नव्हती.

कैदी गुन्हेगार होता, यात न्यायालयाला शंका नव्हती. त्याचा अर्ज फेटाळलाच गेला. तरीही त्याच निकालात कृष्ण अय्यर यांनी देशभरच्या तुरुंगांना लागू होईल असं सांगून ठेवलं, की निकालाची प्रत कैद्याला मोफत मिळाली पाहिजे, ती तुरुंगात आल्यावर लगेच त्याच्या हाती पडली पाहिजे, त्याची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि अपील करायला वकील नसेल तर तो राज्याने दिला पाहिजे. हरलेल्या माणसाच्या खटल्यातून बाकीच्या सगळ्यांना मिळालेला हा हक्क आहे. बाहेरच्या माणसाला एक झेरॉक्स प्रत म्हणजे काहीच नाही. आतल्या माणसाचं अपील त्या प्रतीवाचून सुरूच होत नाही.

त्याच ऑगस्टमध्ये मंदसौरच्या एका गवंड्याचंही प्रकरण होतं, मोती राम याचं. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला आणि रक्कम ठरवायचं काम खालच्या कोर्टावर सोडलं. तिथे दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ जामीन राहायला तयार होता. तो नाकारला गेला, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. १९७८ साली हातावर पोट असलेल्या गवंड्यासाठी दहा हजार म्हणजे किती, हे त्या वेळची मजुरी आठवणाऱ्या कोणालाही सांगावं लागणार नाही. कृष्ण अय्यर यांनी रक्कम हजारावर आणली आणि स्वतःच्याच मुचलक्यावर माणूस सोडायला सांगितला.

हा प्रश्न मात्र तिथे संपला नाही. आपल्या कुठल्याही जिल्हा न्यायालयाच्या आवारात सकाळी अकराच्या सुमारास उभं राहा. हातात प्लास्टिकची पिशवी घेतलेली एखादी आई किंवा बायको दिसेलच. पिशवीत रेशनकार्ड, आधारकार्ड, सातबारा, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मिळाला असेल तर तो, आणि शेजारी उभा जामीन राहायला कसाबसा तयार केलेला नातेवाईक, त्या दिवसाचा रोज बुडवून आलेला. जामीन मंजूर झालाय, फक्त जामीनदार पटत नाही, म्हणून माणूस आत. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, की स्थानिकच जामीनदार हवा असा आग्रह धरू नका. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने कारागृहाकडे पाठवा. सात दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. महिन्यात जामीनदार उभा राहिला नाही तर कोर्टाने आपणहून अटी सैल करता येतात का ते पाहावं. मोती रामनंतर पंचेचाळीस वर्षांनी हीच गोष्ट.

आता मुंबईकडे येऊ. १९८२च्या मे महिन्यात, ११ ते १७ तारखांच्या दरम्यान, पत्रकार शीला बर्से यांनी कारागृह महानिरीक्षकांच्या परवानगीने मुंबई मध्यवर्ती कारागृहातल्या पंधरा स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. पाच जणींनी सांगितलं, की पोलीस कोठडीत त्यांना मारहाण झाली. बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात जाऊन पाहणी करायला सांगितलं. १५ फेब्रुवारी १९८३चा निकाल भगवतींचा आहे, आणि कायद्याचं शिक्षण नसलेल्या माणसानेही तो वाचावा असं मी म्हणेन, कारण त्यात तत्त्वं थोडी आणि कामं भरपूर आहेत. संशयित स्त्रियांसाठी मुंबईत बऱ्या वस्तीत चार-पाच वेगळ्या कोठड्या ठेवा आणि त्यांवर महिला शिपाई नेमा. स्त्रीची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच करा. कोणाला अटक करून कोठडीत आणलं की जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवा. कारागृहाने कच्च्या कैद्यांची यादी, कोण कधीपासून आत आहे त्या तारखेसह, समितीकडे धाडावी. वकील अमुक दिवशी येणार आहेत असे मोठे फलक तुरुंगात लावा. वकील आणि कैदी बोलत असताना शिपायाने नजर ठेवावी, पण शब्द कानावर पडणार नाहीत इतक्या अंतरावरून.

या निकालात मराठी माणसाने थांबून पाहावी अशी एक ओळ आहे. अटक झालेल्याचे हक्क सांगणारं पत्रक मराठीत छापावं, महाराष्ट्राच्या लोकांची भाषा मराठी आहे म्हणून. सोबत हिंदी आणि इंग्रजी. ते प्रत्येक कोठडीत चिकटवावं आणि माणूस आत आणला की त्याला कळणाऱ्या भाषेत वाचून दाखवावं. ‘वाचून दाखवावं’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. भिंतीवरचा कागद वाचता न येणारा माणूसच बहुधा त्या भिंतीच्या आत असतो, हे निकाल लिहिणाऱ्याला ठाऊक होतं.

वकील मिळायचा तो कधीपासून? हा प्रश्न बिहारच्या भागलपूरमधून आला. तिथे पोलिसांनी कोठडीतल्या संशयितांचे डोळे फोडले होते. त्या आंधळ्या झालेल्या माणसांच्या बाजूने पुन्हा हिंगोरानीच उभ्या राहिल्या. चौकशीत दिसलं, की यातल्या बहुतेकांना दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं तेव्हा कोणी वकिलाविषयी विचारलंच नव्हतं. न्यायालय म्हणालं, हक्क पहिल्या हजेरीपासून सुरू होतो. पैसे नाहीत ही सबब राज्याला सांगता येणार नाही, आणि आरोपीला त्याचा हक्क समजावून सांगणं हे दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. २०१२ साली २६/११च्या हल्ल्यातल्या कसाबच्या अपिलात न्यायालयाने हेच अधिक कडक केलं: पहिल्या हजेरीला वकील देऊ न करणाऱ्या दंडाधिकाऱ्यावर खात्यामार्फत कारवाई होऊ शकेल. कसाबची फाशी कायम झाली. ज्याच्यावर मुंबई इतकी संतापली त्याच्या खटल्यातून निघालेला हा नियम आज पाकीटमारीच्या संशयावरून पकडलेल्या पोरालाही लागू आहे.

विधी साहाय्याची कल्पना मुंबईत आणखी जुनी आहे. १९४९ साली मुंबई सरकारने त्यासाठी समिती नेमली होती, अध्यक्ष न्यायमूर्ती एन. एच. भगवती. पी. एन. भगवती हे त्यांचेच चिरंजीव. वडिलांचा अहवाल बराच काळ कागदावर राहिला. मुलाने कायद्याचा पाया घातला. १९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदा प्रत्यक्ष लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ला. त्याच्या कलम १२मध्ये मोफत वकील कोणाला मिळेल याची यादी आहे: स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, आपत्तीग्रस्त आणि कोठडीत असलेली प्रत्येक व्यक्ती. कोठडीतल्या माणसाचं उत्पन्न विचारायचं नाही. सुधारगृहात किंवा मनोरुग्णालयात ठेवलेलेही त्यात येतात.

तरी आपल्याकडे या वकिलावर भरवसा कमी. त्यामागे एक शब्द आहे. फौजदारी खटल्यात पोलिसांच्या बाजूने उभा राहतो तो ‘सरकारी वकील’, आणि प्राधिकरणाने आरोपीला दिलेल्यालाही लोक ‘सरकारी वकील’च म्हणतात. साहजिकच घरच्यांना वाटतं, हा पोलिसांचाच माणूस. म्हणून दागिने मोडून, व्याजाने पैसे काढून खाजगी वकील गाठला जातो. २०२२पासूनच्या नव्या योजनेत जिल्ह्याजिल्ह्यांत आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ वकिलांची कार्यालयं सुरू झाली, आणि महाराष्ट्रात त्यांना ‘लोकअभिरक्षक’ असं नाव मिळालं. हे नाव नेमकं आहे. पूर्वी पॅनेलवरचे वकील आपला धंदा सांभाळून तुटपुंज्या मानधनावर हे खटले चालवत. लोकअभिरक्षकाचं कामच हे आहे.

त्याच्या हातातलं सर्वांत धारदार हत्यार म्हणजे दिनदर्शिका. दहा वर्षांहून कमी शिक्षेच्या बहुतेक गुन्ह्यांत साठ दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर एकसष्टाव्या दिवशी जामीन हा आरोपीचा हक्क होतो. जन्मठेपेसारख्या गंभीर गुन्ह्यांत ही मुदत नव्वद दिवसांची. पण मागावं लागतं. मागितलं नाही आणि पुढच्या दिवशी दोषारोपपत्र दाखल झालं, की हक्क गेला. बरॅकमधल्या माणसाला दिवस मोजता येतात. त्यातला कोणता दिवस आपला, हे वकिलाने सांगितल्याशिवाय कळत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९मध्ये दुसरं मोजमाप आहे: जास्तीत जास्त शिक्षेचा अर्धा काळ आत गेला की जामीन, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश गेल्यावरच. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे नाही, आणि ज्यावर एकाहून अधिक खटले आहेत त्यालाही नाही. इथे अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर टाकली आहे, आणि जुन्या खटल्यांनाही हे लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४मध्ये स्पष्ट केलं.

सुटकेचा आदेश निघाल्यावरही कागदाचा प्रवास बाकी असतो. मुझफ्फरपूरच्या रुदल साहला १९६८च्या जूनमध्ये निर्दोष सोडलं होतं. तो तुरुंगाबाहेर आला १६ ऑक्टोबर १९८२ला, चौदा वर्षांनी. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी बिहार सरकारला त्याला भरपाई म्हणून तीस हजार रुपये द्यायला लावले. बेकायदा डांबल्याबद्दल थेट संविधानाच्या आधारे पैसे देववणारा हा पहिला मोठा निकाल. २०२१च्या जुलैत आग्र्याच्या मध्यवर्ती कारागृहातले तेरा बंदी सर्वोच्च न्यायालयाने जामीन देऊनही केवळ आदेश पोचला नाही म्हणून काही दिवस आतच राहिले. आणि आपल्या मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाच्या दाराबाहेर एक पेटी आहे, जामिनाचे आदेश टाकायची. ती ठरल्या वेळी उघडतात. संध्याकाळची वेळ हुकली, की माणसाची आणखी एक रात्र आत.

म्हणून ही शेवटची माहिती ज्याच्या घरावर वेळ येईल त्याच्यासाठी. तालुका न्यायालयात, जिल्हा न्यायालयात आणि कारागृहात विधी सेवेची जागा असते, दूरध्वनी १५१००. बंद्याच्या वतीने घरचं कोणीही जाऊ शकतं. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. अर्ज मराठीत चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलंही चालतं; समोरचा माणूस ते लिहून घेतो, वाचून दाखवतो आणि खाली अंगठा घेतो.